तातोपानीच्या पुढे गाडी बंद पडली तर

मुक्तिनाथला मोटरसायकलवर जायचं ठरलं तेव्हा इंदूरमधल्या ओळखीच्या मंडळींनी रस्ता, थंडी, मुक्काम, नोटा अशा सगळ्या गोष्टींवर भरभरून सल्ले दिले. नेपाळात गाडी बंद पडली तर काय करायचं, याला मात्र जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं, "इन्शुरन्स आहे ना गाडीचा?" इन्शुरन्स होता. तो तिथे नेमका काय कामाचा, हे शोधण्यात माझा सगळा पावसाळा गेला. आपल्याकडून दुचाकीवर नेपाळला जाणारे आता पुष्कळ झाले आहेत आणि या एका बाबतीत धड माहिती देणारं कोणी भेटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जाणार होतो मी आणि माझा भाचा. माझी गाडी बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२०, बीएस-४ या आधीच्या प्रदूषण-मानकाच्या काळातली, कार्ब्युरेटरची. भाच्याची गाडी बरीच नवी, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची. देवास, गुना, शिवपुरी, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करत सुनौलीला सीमा ओलांडायची, भैरहवा-बुटवलहून पाल्प्याच्या घाटाने पोखरा, तिथून बेनी आणि मग काली गंडकीच्या काठाने तातोपानी, जोमसोम, कागबेनी, मुक्तिनाथ. आमच्या देवघरातला शाळिग्राम याच गंडकीतला, आणि आईला त्या जागेची ओढ. या मार्गाचा शेवटचा तुकडा, म्हणजे बेनीच्या पुढचा, एका बाजूला धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा अशा दोन आठ-हजारी शिखरांच्या मधून जातो. तिथे गाडी अडली तर लोटत गावापर्यंत नेऊ, असं म्हणायची सोय नाही.

सुरुवात मी स्वतःच्या पॉलिसीपासून केली. हप्ता आणि आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) असलेलं पहिलं पान सगळेच बघतात. मी मागची सगळी कलमं छापून घेतली आणि पेन घेऊन बसले. तीन गोष्टी सापडल्या. पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र भारत, एवढंच. गाडीच्या नुकसानीत यांत्रिक किंवा विजेच्या भागातला बिघाड धरलेलाच नाही, अपघात, चोरी, आग, पूर, दरड वगैरे धरलं आहे. आणि अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायचा खर्च दुचाकीसाठी जास्तीत जास्त ३०० रुपये. हा आकडा २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधला, म्हणजे वाहनविम्याच्या तेव्हाच्या ठरीव दरपत्रकातला आहे. पुढे विम्याचे दर कंपन्यांच्या हाती गेले, तरी कलमांची भाषा बरीचशी तीच राहिली. ३०० रुपयांत आज इंदूरमध्ये पलासियाहून राजवाड्यापर्यंत तरी कोणी गाडी उचलून नेईल का?

म्हणजे ज्याला आपण सगळे इन्शुरन्स म्हणतो तो अपघाताचा. बिघाड ही वेगळी गोष्ट, तिचं वेगळं कवच, आणि ते सहसा रोडसाइड असिस्टन्स नावाने वर जोडून मिळतं. हा फरक मनात पक्का झाल्यावर पुढची चौकशी सोपी झाली. समोरचा माणूस दोन्ही एकत्र करून बोलायला लागला की मी थांबवून विचारायची, "हे धडकेचं सांगताय की बंद पडण्याचं?"

नेमकं काय मागायचं हे मला म्युनिकच्या मावसभावाकडून कळलं. तो तिथल्या एडीएसी या वाहनधारकांच्या जुन्या संघटनेचा सभासद आहे. मोटरसायकलवर इटली, क्रोएशिया करतो. त्याचं कवच त्याने फोनवर उलगडून सांगितलं. जागेवर येऊन दुरुस्तीचा प्रयत्न. जमलं नाही तर गाडी गॅरेजला. त्या देशात भाग मिळत नसेल तर भाग पाठवणं. तोपर्यंत माणसांच्या राहण्याची किंवा पुढच्या प्रवासाची सोय. आणि तिथे दुरुस्त होणारच नसेल तर गाडी मायदेशी परत आणणं. शेवटी तो म्हणाला, "ताई, पहिल्या दोन गोष्टी सगळे देतात. तू शेवटच्या तिघींबद्दल विचार."

त्या पाच गोष्टी मी वहीत एकाखाली एक लिहिल्या, समोर रकाने आखले, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रसंग ठेवला. गाडी तातोपानीच्या पुढे बंद पडली आहे, संध्याकाळ झाली आहे. कोण येईल, कशात येईल, गाडी कुठे नेईल, पैसे कोण देईल?

विमा कंपनीच्या एम. जी. रोडवरच्या शाखेत गेले तेव्हा आधी भौगोलिक विस्ताराचं काम काढलं. आयएमटी-१ नावाचं एक एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला वरून जोडायचं कलम असतं. त्याने पॉलिसीचं क्षेत्र बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव यांतल्या ज्या देशांची नावं घालून घ्याल तिथपर्यंत वाढतं. टॅरिफमध्ये पॅकेज पॉलिसीसाठी याचे ५०० रुपये आणि नुसत्या लायबिलिटीसाठी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) १०० रुपये धरले होते. आताही फार मोठी रक्कम नसते. पण ऑनलाइन पॉलिसी घेताना हा पर्याय आम्हाला कुठे दिसला नाही, आणि शाखेतल्या तरुण मुलानेही तो कधी केला नव्हता. त्याने आत जाऊन साहेबांना विचारलं, साहेबांनी भोपाळला विचारलं, आणि अर्ज, आरसीची प्रत, प्रवासाच्या तारखा असं सगळं लेखी मागितलं. त्यासाठी वेळ लागतो. निघायच्या आदल्या आठवड्यात जाऊन हे होणार नाही. कागद हाती आला की देशाचं नाव आणि पासून-पर्यंतच्या तारखा स्वतः वाचून घ्या. मी परतीच्या तारखेला भरपूर मोकळीक ठेवून घेतली.

भाच्याच्या गाडीत वेगळाच पेच निघाला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबरच घ्यावा लागतो, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा नंतर दुसऱ्या कंपनीकडून वर्षावर्षाचा घेता येतो. त्याने तसाच घेतला होता, स्वस्त मिळाला म्हणून. त्यामुळे थर्ड पार्टी एका कंपनीचा आणि नुकसानीचा दुसऱ्या. एकीकडून एन्डॉर्समेंट घेतलं तर दुसरा विमा सुनौलीलाच थांबतो. तो म्हणाला, "मावशी, नुकसानीचा घेतो, बाकी जाऊ दे." मी ऐकलं नाही. गाडी मोडली तर फार तर गाडीचे पैसे जातील. पण परमुलखात आपल्या हातून कुणाला लागलं तर त्या माणसाची भरपाई व्हायलाच हवी, आणि ती थर्ड पार्टीतूनच होते. त्याने दोन्हीकडून घेतलं.

हे सगळं होऊनही वहीतले पाचही रकाने कोरेच होते, कारण हे अपघाताचं काम झालं होतं.

रोडसाइड असिस्टन्सची हेल्पलाइन लावली. बोलणारी मुलगी नम्र होती, मनापासून माहिती देत होती. "मॅडम, सर्विस पैन इंडिया है, पहाड़ों में भी मिलेगी." नेपाळ म्हटल्यावर ती थबकली, वरिष्ठांना विचारून आली आणि सांगितलं, भारताच्या हद्दीतच. भौगोलिक विस्ताराचा कागद असला तरी? तरीही, कारण ही जोडसेवा वेगळी, तिचं क्षेत्र वेगळं. दुसरी एक बाब मी स्वतःच लक्षात आणून दिली. त्यांचा नंबर १८०० ने सुरू होणारा. आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं नसेल तर आपलं सिम सीमेपलीकडे चालत नाही, आणि नेपाळी सिमवरून भारतातला टोल-फ्री नंबर लागत नाही. तिने मग साधा लँडलाइन नंबर दिला. तुमच्या कार्डावर १८०० चाच नंबर असेल तर दुसरा मागून घ्या. भारताच्या सीमेवर पोहोचून मदत मागायची असली तरी फोन अनेकदा पलीकडूनच करावा लागतो.

मधल्या काळात एका विक्रेत्याने नेपाळ आणि भूतान दोन्ही धरणारं वार्षिक कवच देऊ केलं. पत्रक देखणं होतं, सेवांची यादी लांबलचक. मी माझा तातोपानीचा प्रसंग ईमेलने लिहून पाठवला आणि उत्तरही लेखीच मागितलं. बऱ्याच स्मरणपत्रांनंतर आलं. भारताबाहेर आम्ही स्थानिक मदतनीस शोधून द्यायचा प्रयत्न करू, येण्याजाण्याचा, उचलण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च ग्राहकाचा. म्हणजे वर्षाची फी भरून मिळणार काय, तर एक फोन नंबर. मला याचा राग आला, आणि तो अजून आहे. डोंगरात अडकलेल्या माणसाला पत्रकातल्या यादीचा आधार वाटतो, आणि त्या भरवशावर तो स्वतःची तयारी कमी करतो. हे कवच आम्ही घेतलं नाही.

आता भन्सारचं, म्हणजे नेपाळी कस्टमचं सांगायला हवं, कारण युरोप आणि नेपाळ यांतला खरा फरक तिथे आहे. सुनौलीच्या पलीकडे लागून असलेल्या बेलहियाला भन्सार कार्यालयात आपल्या गाडीची तात्पुरती आयात होते. जितके दिवस सांगाल तितक्या दिवसांचे पैसे भरायचे, आणि मुदतीच्या आत गाडी त्याच कागदावर बाहेर काढायची. मुदत उलटली तर दंड. त्यामुळे बिघडलेली गाडी पोखऱ्याला टाकून बसने घरी यावं आणि महिन्याभराने न्यायला जावं, असं करता येत नाही. विकताही येत नाही. चालो न चालो, ती सीमेच्या अलीकडे आली पाहिजे. भारतातली उचलगाडी पलीकडे पाठवायची तर तिलाही आपले परवाने काढावे लागतील, आणि एका दुचाकीसाठी ते कोणी करणार नाही. हे समजल्यावर मी कवचाचे दोन तुकडे केले. सुनौलीच्या अलीकडे भारतातली रोडसाइड सेवा. पलीकडे आमची स्वतःची व्यवस्था, जिचं शेवटचं टोक म्हणजे गाडी बेलहियाच्या फाटकापर्यंत आणून सोडणं.

माझ्या गाडीला वयामुळे पॉलिसीसोबत ही सेवा मिळेना, म्हणून अलीकडच्या भागासाठी वेगळी वार्षिक वर्गणी भरली. तिच्यात गाडी किती किलोमीटरपर्यंत मोफत नेतील, त्यापुढे दर काय, हे वाचून घेतलं. सुनौलीहून गोरखपूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि माझ्या दृष्टीने मोफत अंतर तितकं असणं हीच मुख्य अट होती. स्वस्तातल्या योजनेत ते निम्मंच होतं.

पलीकडच्या भागासाठी पोखऱ्यातल्या एका गॅरेजवाल्या दाजूंशी (नेपाळीत दाजू म्हणजे दादा) फोनवर बोलले. नाव एका ओळखीच्या यात्री बसचालकाकडून मिळालं. ते उत्तम हिंदी बोलत होते. त्यांनी जे सांगितलं ते मला कोणत्याही पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. वर जोमसोमकडे माल घेऊन जाणाऱ्या पिकअप आणि ट्रक उतरताना बऱ्याचदा रिकामे असतात, त्यांच्यावर गाडी चढवायची, भाडं जागेवर ठरवायचं. मेकॅनिक वर पाठवण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं, गाडी खाली आणणंच बरं. शनिवारी सुटी, दुकानं बंद. दसैंमध्ये, म्हणजे तिथल्या दसऱ्यात येऊच नका, सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. पोखऱ्यात नसलेला भाग काठमांडूहून रात्रीच्या बसने सकाळी येतो. आणि मग त्यांनी गाड्यांची चौकशी केली. अ‍ॅव्हेंजर म्हटल्यावर म्हणाले, चिंता नको, पल्सर २२० च्याच घरातलं इंजिन, भाग मिळतील. भाच्याच्या गाडीबद्दल गप्प झाले. नाव तेच असलं तरी भारतात १ एप्रिल २०२० नंतर विकली गेलेली बीएस-६ गाडी आणि नेपाळात विकली जाणारी गाडी आतून सारखी असेलच असं नाही, सेन्सर आणि पंप जुळेलच असं नाही.

हे ऐकून भाचा हिरमुसला. नवी गाडी म्हणजे निर्धास्त, असाच सगळ्यांचा हिशेब असतो. पण परदेशात गाडी किती नवी आहे याच्यापेक्षा तिचे भाग तिथल्या दुकानात आहेत का, याला जास्त वजन आहे. प्रवासासाठी गाडी अजून घ्यायची असेल तर हा विचार आधी करावा, असं मी आग्रहाने सांगेन.

मल्हारगंजातल्या आमच्या उस्तादांनी दोन्ही गाड्या उघडल्या. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल्स, लीव्हर, स्पार्क प्लग, चेन लॉक, फ्यूज, माझ्या तारांच्या चाकांसाठी ट्यूब, भाच्याच्या ट्यूबलेससाठी पंक्चरची पट्टी. जुनी केबल काढून टाकू नका, नवीन तिच्या शेजारूनच ओवून ठेवा, तुटली की जागेवर बदलता येते, हे त्यांचं सांगणं. मी लिहून आणलेल्या यादीवर नजर टाकून म्हणाले, "दीदी, लड़के की गाड़ी में मेरा हाथ नहीं चलेगा, उसमें कंप्यूटर बोलता है." सगळं सामान लादून आम्ही महूच्या पुढे जाम गेटपर्यंत जाऊन आलो. घाट चढताना भरलेली गाडी कशी वागते ते तिथेच कळलं आणि निम्मे कपडे घरी राहिले.

प्रवासविम्याचं थोडक्यात. माणसाच्या उपचारांसाठी तो घ्यायलाच हवा, पण दुचाकी स्वतः चालवताना झालेला अपघात धरतात का, हे विचारून घ्या. मी पाहिलेल्या एका योजनेत तो वगळला होता, दुसरीत परवाना आणि हेल्मेटच्या अटीवर धरला होता. दुसरी घेतली. उंचीची मर्यादाही पाहिली, कारण मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे.

शेवटी बिघाडासाठी एक रक्कम वेगळी काढली. दोघांनी निम्मी निम्मी घातली, स्वतंत्र पाकिटात, आणि प्रवासखर्चासाठी त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. रक्कम कशी ठरवली? दाजूंनी सांगितलेलं वरून पोखऱ्यापर्यंतचं पिकअपचं भाडं, पोखऱ्याहून बेलहियापर्यंतचं भाडं, काही रात्रींचा मुक्काम आणि एक महागडा भाग, यांची बेरीज. वहीतल्या चार रकान्यांत आता "पाकीट" असं लिहिलं गेलं होतं आणि शेवटच्यात "बेलहियापर्यंत पाकीट, पुढे वर्गणी".

तिहार, म्हणजे नेपाळातली दिवाळी संपल्यावर निघालो. बेलहियाला भन्सार करताना ठरलेल्या मुक्कामापेक्षा काही दिवस जास्तच लिहून घेतले. जास्तीच्या दिवसांचे पैसे मुदत उलटण्याच्या कटकटीपुढे काहीच नाहीत.

मुक्तिनाथचं दर्शन झालं. जोमसोमचा वारा दुपारी अंगावर येतो म्हणून पहाटे निघून उतरत होतो. मार्फा मागे टाकून लेतेच्या आसपास भाच्याची गाडी बंद पडली. चावी फिरवली की पेट्रोल पंपाचा बारीक आवाज येतो, तो येईना. फ्यूज बघितले, ठीक होते. उस्तादांच्या भाषेत कंप्यूटर बोलायचा थांबला होता. चहाच्या टपरीवरच्या दिदींनी एका पिकअपवाल्याला हात केला, भाडंही त्यांनीच ठरवून दिलं. गाडी दोरांनी बांधून बेनीला आणि तिथून त्याच पिकअपने थेट पोखऱ्याला. दाजूंनी पंप तपासला, मेलेला होता. पोखऱ्यात तो मिळाला नाही, आणि मध्ये नेमका शनिवार आला. काठमांडूहून आलेल्या पंपाची जोडणी वेगळी निघाली. दाजूंनी कनेक्टर कापून तारा जोडून दिल्या, आणि गाडी सुरू झाली. पक्कं बिल घेतलं, पॅन नंबरसकट, कुणी मागितलं तर असावं म्हणून.

सगळा खर्च पाकिटातून गेला आणि थोडे पैसे उरले. विम्यातून काही मिळालं नाही, मिळणार नव्हतंच. पण तीन दिवस पोखऱ्यात फेवा तलावाच्या काठी बसलेलो असताना भन्सारची मुदत, विस्ताराच्या कागदावरच्या तारखा किंवा पैसे, यांतली एकही गोष्ट आम्हाला टोचत नव्हती. भाचा रोज गॅरेजवर जाऊन दाजूंच्या हाताखाली काम बघत बसायचा. परतीला त्याने गाडी सुनौलीहून थेट गोरखपूरच्या सर्व्हिस सेंटरला नेली आणि कापलेली जोडणी नीट करून घेतली.

आता त्याच्या डोक्यात भूतान आहे. आमच्या एन्डॉर्समेंटवर फक्त नेपाळचं नाव आहे, तेव्हा तो अर्ज पुन्हा करावा लागेल, त्याच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांकडे. सेवा देणाऱ्यांना पाठवायचा ईमेल त्याने स्वतःच लिहिला. तातोपानीच्या जागी चेले ला घाट घातला, बाकी प्रश्न तेच. एकाचं उत्तर आलं आहे, खर्च ग्राहकाचा. दुसऱ्याची वाट बघतो आहोत.